आपलं लेकरू आपण धरायचं नाही

तानूबाई,

तुम्ही जाऊन आज अकरा दिवस झाले आणि जुई अजून तुमच्यावर रागावलेली आहे. तुमचं नाव निघालं की ती मान भिंतीकडं वळवते. तिला वाटतं, तुम्ही तिला सोडून दुसऱ्या मुलांकडं गेलात, आणि मग जगातूनच गेलात. यातलं दुसरं खरं आहे. पहिलं खोटं आहे आणि ते खोटं मी सांगितलेलं आहे. ते आपल्या दोघींनाच माहीत होतं. आता मी एकटी उरले.

वैशालीताईंनी मला तुमच्यावर चार शब्द लिहायला सांगितलेत. पुढच्या आठवड्यात केंद्रात सगळे जमणार आहेत, तिथं वाचायला. "तुमचं अक्षर चांगलं आहे, लिहिणंही नेटकं," म्हणाल्या. मी हो म्हटलं, कारण नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. बाकीच्यांना विचारलं, तानूबाईंबद्दल काय लिहू? तर जो तो एकच सांगतो: देवमाणूस होत्या.

तुम्ही देवमाणूस नव्हतात. तुम्ही मिश्री लावून रिंगणाच्या कडेला थुंकायचात. आठची वेळ दिली की साडेआठला उगवायचात आणि "घड्याळ तुमच्या हातात हाय, माज्या न्हाय," असं म्हणून उलट मलाच गप्प करायचात. तुमच्या मिरग्यानं माझा जेवणाचा डबा फडक्यासकट चावला त्या दिवशी तुम्ही हसून हसून मटकन खाली बसला होतात. देवमाणसाचा कुणाला हेवा वाटत नाही. तुमचा मला पाच वर्षं वाटला. अजून वाटतो.

मी जुईला पहिल्यांदा केंद्रात आणलं तेव्हा ती अकरा वर्षांची होती. जन्मताना तिच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला. पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकतात, पाठ धरत नाही. डोकं मात्र शाबूत आहे. वाचता येतं, गणित येतं, आजीचं आणि माझं भांडण आधी कुणी सुरू केलं तेही बरोबर कळतं. फक्त बोलत नव्हती. हो म्हणायचं तर डोळे मिटायचे, नाही म्हणायचं तर वर बघायचं, बाकी सगळं पाटीवरच्या अक्षरांवर बोट ठेवून. उमरग्याला वैशालीताईंच्या दवाखान्यात आम्ही व्यायामाला जायचो. त्यांनीच सांगितलं, जळकोटजवळ सासऱ्यांच्या शेतात घोड्यांचं केंद्र काढतेय. घोडा चालताना त्याची पाठ जशी हलते, तशीच चालणाऱ्या माणसाची कंबर हलते; जे लेकरू चालत नाही त्याच्या कमरेला ती चाल घोड्याकडून मिळते. मला पटलं. मी शाळेत गणित शिकवते, कारण सांगितलं की मला पटतं.

केंद्र म्हणजे काय, तर रेती टाकलेलं एक रिंगण, पत्र्याची शेड, खुर्चीसकट चढायला सिमेंटचा उतार आणि तीन जनावरं. त्यातली दोन वरातीतून निवृत्त झालेली. राणी तर अजूनही हमरस्त्यावर बँड वाजला की पाय नाचवते. तिसरा तुमचा मिरग्या, मेंढरांच्या मागं चाललेला तट्टू. खाट, बोचकी, कोंबड्यांची डालगी आणि त्याच दिवशी जन्मलेली कोकरं पाठीवर घेऊन तो डोंगर चढलेला. मेंढरं विकली तरी तुम्ही तो विकला नव्हता. वैशालीताई बघायला आल्या तेव्हा तुम्ही म्हणालात म्हणे, "घोडा पायजे तर म्या बी येनार. माज्याबिगर ह्यो मुतत बी न्हाय."

एकानं दोर धरून पुढं चालायचं, दोघांनी दोन बाजूंनी चालायचं, बसलेल्याचा एकेक गुडघा सांभाळायचा. आणि एक नियम: आपलं लेकरू आपण धरायचं नाही. आई बाजूला असली की मूल समोर बघायचं सोडून आईकडं बघतं. आई घाबरली की ते ताठ होतं, आणि ते ताठणं घोड्याला कळतं. शेडमधल्या पांढऱ्या फळ्यावर हा नियम माझ्याच अक्षरात आहे. लिहिताना मला तो अगदी योग्य वाटला होता. लिहून झाला, आणि वैशालीताईंनी जुईचा गुडघा तुमच्या हातात दिला.

मला सलीमभाई मिळाले. उमरग्याचे, जन्मभर ट्रक चालवलेले, लकवा मारून डावं अंग गेलेलं. त्यांचा डावा गुडघा माझ्याकडं. पहिल्याच महिन्यात ते म्हणाले, "म्याडम, हात इकडं, नजर तिकडं. असा ट्रक चालवला असता तर मी कधीच खड्ड्यात गेलो असतो."

"माझं लक्ष आहे, सलीमभाई."

"हाय ना. पण दुसऱ्याच्या गाडीवर हाय. मी पडलो तर आमची घरवाली तुमालाच घेऊन जाईल भाकऱ्या थापायला. आधीच सांगून ठेवतो."

ते बरोबर बोलत होते. मी तुमचा हात बघत होते. मी जुईला धरते ते पंजानं, पाची बोटांनी, कारण ती पडली तर काय होतं ते मी पाहिलेलं आहे. तुम्ही धरायचात ते मनगटाच्या वरच्या बाजूनं, नुसतं टेकवून. मी एकदा हटकलं. "कोकरू आसंच धरायचं असतंय," तुम्ही म्हणालात. "आवळलं की ते मुसंडी मारतंय. तुमी लई आवळता, बाई." सगळ्यांसमोर म्हणालात. मी हसून घेतलं. घरी जाऊन दुधाच्या पातेल्यावर तसा हात टेकवून बघितला, हे आता सांगते.

सहा महिन्यांत जुईची पाठ धरली. वर्षभरात ती आधाराशिवाय दोन फेऱ्या बसायला लागली. रोज सकाळी पाऊण तास तिचे पाय मी ताणत होते, दहा वर्षं ताणत होते, आणि भेटेल तो म्हणत होता, तानूबाईंनी पोरगी सरळ केली. घरी मी तिला वरणभात मऊ कालवून भरवते, घास अडकेल म्हणून. तुमच्या फडक्यातली ज्वारीची भाकरी आणि ठेचा ती तुमच्या हातून चावून खायची. नाकाडोळ्यांतून पाणी यायचं आणि तोंड पुन्हा उघडायची. मी लांबून ओरडायचे, "तानूबाई, अडकेल!" तुम्ही तिला विचारायचात, "आडकतंय का गं, जुईअक्का?" ती वर बघायची. नाही. मग तुम्ही दोघी माझ्याकडं बघायचात, आणि त्या बघण्यात मी तिसरी असायचे.

मी भांडकुदळ नाही. पण हे सगळं माझ्या पोटात साठत होतं आणि मी त्याला काळजी म्हणत होते.

ह्या थंडीत, ज्वारी निसवून कणसं बाहेर पडली होती त्या दिवसांत, एका रविवारी सलीमभाई आले नाहीत. एरवी सगळ्यांच्या फेऱ्या संपल्या की मी शेडमध्ये खोगिरं पुसून जागेवर लावते, आणि तुम्ही जुईला मिरग्यावरच ठेवून त्याला पाण्याच्या हौदावर न्यायचात, हे मला माहीत होतं. दोर एका हातात, गुडघा दुसऱ्या हातात, तिसरं माणूस नाही. नियमात बसत नव्हतं, पण वैशालीताई काणाडोळा करायच्या. त्या दिवशी माझं काम लवकर संपलं आणि जुईची पाण्याची बाटली माझ्याकडंच राहिली होती, म्हणून मी मागून निघाले. ज्वारी डोक्याच्या वर होती, तुम्ही दिसत नव्हतात. मिरग्या थांबून पानं ओढत असावा. तुमचा आवाज आला, "चल की, भाड्या."

मग दुसरा आवाज आला. जाड, ओला, प्रत्येक अक्षर ओढत आणलेला. "चऽल. भाऽड्या."

आणि तुम्ही दोघी हसलात.

मी बाटली घेऊन ज्वारीत उभी राहिले. सोळा वर्षं मी त्या आवाजाची वाट बघत होते. 'आई' हा शब्द मी तिला आरशासमोर बसवून किती हजार वेळा म्हणून दाखवला असेल. ओठ उघडायचे, जीभ खाली, आ. आणि ती तुमच्याबरोबर घोड्याला शिव्या देत होती. आनंद झाला का? झाला असावा. पण आधी आला तो मत्सर, आणि तो इतका मोठा होता की आनंदाला आत यायला जागा राहिली नाही.

जुईला गाडीत बसवून मी परत आले. तुम्ही मिरग्याचे खूर बघत होतात.

"कधीपासून?" मी विचारलं.

"काय कधीपासून?"

"तानूबाई, मी ऐकलं."

तुम्ही खूर खाली ठेवलात, हात लुगड्याला पुसलेत. "दसऱ्यापासून."

"आणि इतके दिवस माझ्यापासून लपवलंत?"

"म्या न्हाय लपवलं. तिनं लपवलं. म्या फकस्त चुगली केली न्हाय."

"मी आई आहे तिची!"

"व्हय की. म्हणूनच." तुम्ही शांत होतात, त्याचाच मला जास्त राग आला. "तुमी वही काडून तिच्या मागं लागनार. आज किती बोलली, उद्या किती बोलली. बाकीची पोरं आसं केलं की पळून जात्यात. हिला पळाया पाय न्हाइत, बाई. मग ती तोंड मिटून पळती."

"ही तुमची मेंढरं नाहीत, समजलं का?"

"न्हाइतच. मेंढरं मालकिणीला भीत न्हाइत."

मी गाडीकडं वळले.

घरी यजमानांना सांगितलं, आपल्या मुलीचा पहिला शब्द काय आहे माहीत आहे का? त्यांनी ऐकलं आणि इतके हसले की हातातला चहा पायजम्यावर सांडला. सासूबाई आतून विचारत होत्या, "काय म्हणाली रे पोर, काय म्हणाली?" मी म्हटलं, "'चल' म्हणाली." आमचं पुजाऱ्याचं घर, तिथं तेवढंच पुरे होतं. मग मी वही काढली.

हो, काढली. जुईसमोर बसले आणि म्हटलं, मला कळलंय, तुला बोलता येतं. चल म्हण. एकदाच म्हण. चल. मी पाणी म्हण म्हटलं, आई म्हण म्हटलं. तिनं ओठ आत ओढून घेतले, जसं कडू औषध देताना करते. तीन दिवस मी सोडलं नाही. चौथ्या दिवशी तिनं अक्षरांची पाटीसुद्धा ढकलून दिली. पुढच्या रविवारी तुम्ही तिला हौदावर नेलंत आणि परत आल्यावर मला फक्त मान हलवून दाखवलीत. तिकडंही बंद झालं होतं.

तुमचं खरं ठरलं, हे मला सहन झालं नाही. ड्युट्यांचा तक्ता मी लिहिते. त्याच दुपारी मी फळा पुसला आणि नवा तक्ता लिहिला. जुईच्या बाजूला प्रियंका, कॉलेजात जाणारी, नुकतीच येऊ लागलेली. तुम्ही राणीकडं, नव्या लहान मुलांसाठी. वैशालीताईंना म्हटलं, लहानांना अनुभवी हात पाहिजे. त्यांना पटलं, कारण सांगितलं की त्यांनाही पटतं. तुमच्याच घोड्यापासून तुम्हाला बाजूला केलं मी. तुम्हाला वाचता येत नव्हतं, प्रियंकानं वाचून दाखवलं. तुम्ही माझ्याकडं बघून म्हणालात, "फळा तुमचा हाय. चालू द्या."

इथवर ठीक होतं. म्हणजे वाईट होतं, पण भांडणातलं वाईट. पुढचं वेगळं आहे.

त्याच्या पुढच्या रविवारी जुई उतारावर आली, मिरग्यावर बसली, आणि तुम्हाला शोधायला लागली. तुम्ही रिंगणाच्या पलीकडं एका चिमुरडीला टोपी घालत होतात. जुईनं माझ्याकडं बघितलं. तिला पाटीची गरज नव्हती, प्रश्न तोंडावर होता. मी म्हटलं, "तानूबाईंना आता लहान मुलं पाहिजेत. त्यांनीच मागून घेतली."

इतकंच. दोन वाक्यं.

सुट्टीत तुम्ही नेहमीसारखी भाकरी घेऊन तिच्या खुर्चीजवळ आलात. तिनं तोंड मिटलं आणि मान फिरवली. तुम्ही एकदा तिच्याकडं बघितलंत, एकदा माझ्याकडं. मी खोगीर पुसत होते, पुसलेलंच पुन्हा पुसत होते. तुम्हाला सगळं कळलं. तिथंच वाकून तुम्ही तिच्या कानात सांगू शकला असतात की तुझी आय खोटं बोलती. तिनं तुमच्यावरच विश्वास ठेवला असता, माझ्यावर नाही. तुम्ही भाकरी परत फडक्यात बांधलीत आणि गेलात. सहा रविवार तुम्ही सांगितलं नाहीत. माझीही चुगली केली नाहीत.

आणि ते सहा आठवडे, तानूबाई, माझे फार चांगले गेले. हे लिहिलंच पाहिजे. जुई दुखावली होती आणि दुखावलेलं लेकरू आईकडं येतं. ती रात्री माझा पदर मुठीत धरून झोपायची. शाळेतून यायला उशीर झाला तर दाराकडं बघत बसायची. बोलत नव्हती, पण माझी होती. मला वाटायचं, ह्यालाच तर मी मुकले होते.

तुम्ही गेल्याचा फोन शिक्षक-खोलीत आला. पहाटे गोठ्यात बसल्या त्या उठल्याच नाहीत, वैशालीताई रडत सांगत होत्या. माझ्या मनात पहिला विचार काय आला ते सांगते: आता मध्ये कुणी नाही. दुसरा विचार यायला अर्धा तास लागला. तेव्हा मी नववीच्या वर्गात त्रिकोण काढत होते आणि खडू मोडला.

तुमच्या घरी मी पहिल्यांदा आले ती तुम्ही नसताना. तुमच्या सुनेनं मला ओळखलं. "जुईअक्काची आय ना तुमी? आत्याबाई रोज नाव काडायच्या. तिला मिक्सरचा आवाज सोसत न्हाय, तिला सायकलवाला पाववाला आवडतो... आन तिला येण्या आवडत न्हाइत म्हणं. कापून टाकाव्या वाटत्यात. आयला वाईट वाटंल म्हणून सांगत न्हाय, म्हणायच्या."

दहा वर्षं मी रोज सकाळी तिच्या दोन वेण्या घालत होते. तुमच्या दारात, चार बायका रडत असताना, मला तुमचा असा हेवा वाटला की डोळ्यांत पाणीच आलं नाही. लोकांनी समजून घेतलं की बाईला धक्का बसलाय. त्या संध्याकाळी जुईला विचारलं, केस कापायचे का? तिनं डोळे मिटले, आणि बराच वेळ मिटलेलेच ठेवले, म्हणजे मला पुन्हा विचारायला नको. मी कात्री आणली. मानेपर्यंत कापले. छान दिसते. तुम्हाला आधीच माहीत होतं म्हणा.

तुम्ही गेल्याचं तिला सांगितलं तेव्हा ती रडली नाही. भिंतीकडं वळली. मी न सांगितलं तर ती तुम्हाला अशीच आठवणार आहे: सोडून गेलेली बाई. आणि माझा पदर धरणार आहे. मला काही करायचं नाहीये, नुसतं गप्प बसायचं आहे. उद्या रविवार. केंद्र उद्या उघडतंय.

इथवर शनिवारी लिहून ठेवलं होतं. आज सोमवार. शाळेतून आले, आता पुढचं लिहिते.

काल आम्ही लवकर पोचलो. शेडमध्ये सलीमभाई बाकावर बसले होते, प्रियंका मिरग्याला खरारा करत होती. मी जुईची खुर्ची थेट फळ्यासमोर नेली. तुमचं नाव अजून राणीच्या रकान्यात होतं. पुसायला कुणाचा हात धजला नव्हता.

"हे अक्षर कुणाचं आहे?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडं बघितलं.

"माझं. तानूबाईंनी लहान मुलं मागितली नव्हती. मी त्यांना तिकडं घातलं. तू त्यांच्याशी बोललीस आणि माझ्याशी नाही, म्हणून. तुला सांगितलं ते खोटं होतं. त्यांनी तुला सोडलं नव्हतं, जुई. मी त्यांना तुझ्याजवळ येऊ दिलं नाही."

भाकरीचं बोलले नाही. तुम्हाला परत पाठवल्याचं ओझं तिच्यावर कशाला? तो भाग माझा आहे, तिचा नाही.

जुईचा हात तिला हवा तिथं कधीच जात नाही. चमचा धरायला गेली तर तो ताटाच्या पलीकडं पडतो. काल तो नेमका जिथं जायला पाहिजे होता तिथं गेला. माझा चष्मा उडून जमिनीवर पडला.

"क्या हुआ म्याडम?" सलीमभाईंनी विचारलं.

"काही नाही. चष्मा सैल झालाय."

"दिसलं मला," ते म्हणाले.

तिनं मला शिरस्त्राणाचा पट्टा लावू दिला नाही. मी हात पुढं केला की मान झटकायची. प्रियंकानं लावला. प्रियंकानं आणि दोर धरणाऱ्या गड्यानं तिला मिरग्यावर बसवलं. मी सलीमभाईंचा गुडघा धरला आणि गुडघ्याकडंच बघितलं. तीन फेऱ्या झाल्यावर ते म्हणाले, "आज आमच्या गुडघ्याला लई भाव आलाय. पाच वर्षांत पहिल्यांदा."

"नीट बसा, सलीमभाई."

"बसलोय की. तुमीच हात जरा ढिला सोडा. आवळताय."

मागं मिरग्या कुठंतरी अडला होता. पावलांचा आवाज थांबला तेवढं मला कळलं. मग प्रियंका मोठ्यांदा हसली, मग पावलं पुन्हा सुरू झाली. मी वळले नाही. मान दुखायला लागली, पण वळले नाही.

सगळं आटोपल्यावर प्रियंका धावत शेडमध्ये आली. गाल लाल झालेले, हातात जुईचं शिरस्त्राण. "काकू! काकू, ऐका ना, आज मिरग्या अडला तेव्हा जुईनं काय..."

"ते पुसून खुंटीला लाव."

"अहो काकू, पण ऐका तरी! ती..."

"तू ऐकलंस ना? मग झालं."

तिनं शिरस्त्राण पुसायला घेतलं. वीस वर्षांची पोरगी, कानात लोंबते डूल, पायात चपलासुद्धा धड नाहीत, आणि मला जे ऐकायचं आहे ते तिच्याकडं आहे. आता हिचाही हेवा करायचा. पाच वर्षं तुमचा केला, सवय आहे.

फळ्यावरचं तुमचं नाव मी पुसलं नाही. पुढच्या रविवारी लोक जमले की हे सगळं वाचून दाखवीन, मग पुसू.

घरी येताना जुई मागच्या सीटवर खिडकीकडं तोंड करून बसली होती. समोरच्या आरशात मी बघितलं की ती डोळे फिरवायची. रात्री तिनं पदर धरला नाही. कूस बदलून आजीच्या बाजूला झोपली. आज सकाळीही तेच. पाटी पुढं केली तर बोट उचललं नाही. सासूबाई चहा घेताना मला म्हणाल्या, "अगं, पोरीचं काय बिनसलंय? अजून त्या तानूबाईवरच रुसलीय का?"

"नाही," मी म्हटलं. "माझ्यावर."